बैल बरा आहे

ता. वाळवा, जि. सांगली
१४ जून २०२०

प्रिय बीडकरा,

बैल बरा आहे. आधी तेच सांगतो, कारण परवा फोनवर तू पहिलं तेच विचारलंस आणि नेमकी तेव्हाच रेंज गेली. जखम भरून आलीय, पाय पूर्ण टेकवतो. मृगाचा पाऊस झाल्यापासून बांधाला कोवळं गवत आलंय, ते मन लावून खातो. त्याच्या धन्याला एवढं सांग. त्याचा फोन लागत नाही, रिचार्ज संपला असणार.

तू आणखी एक विचारलं होतंस, ‘टाळेबंदीत आमच्या ऊसतोड टोळीचं तुमच्याकडं नेमकं झालं काय?’ ते फोनवर उरकण्यासारखं नव्हतं. हद्दीवरची रात्र तू स्वतः पाहिलीस. त्याच्या आधीचे चार आठवडे तुला माहीत नाहीत, आणि ते तुलाच सांगायला हवेत. हॉस्टेलला असताना तू एकदा म्हणाला होतास, की तुझी पहिली शाळा म्हणजे आमच्याच भागातल्या कुठल्यातरी फडाचा बांध. तेव्हा मी पुढं काहीच विचारलं नव्हतं.

२४ मार्चला रात्री आठ वाजता पंतप्रधानांचं टाळेबंदीचं भाषण झालं, दुसऱ्या दिवशी पाडवा. आम्ही दारं लावून गुढ्या उभारल्या. कारखाना मात्र चालूच होता. साखर जीवनावश्यक वस्तूंत येते. गाव आतून कडी लावून बसलेलं आणि ओढ्यापलीकडच्या कोप्यांमधले, म्हणजे झोपड्यांमधले, अकरा कोयते, म्हणजे तोडणाऱ्या अकरा जोड्या, पहाटे चारला उसाच्या फडात. माझा ऊस त्यांनी २७ तारखेला तोडला. त्याच आठवड्यात इस्लामपुरात कोरोनाच्या रुग्णांचा आकडा विसाच्या वर गेला होता आणि सगळा तालुका भेदरला होता. मी बांधावर लांब उभा होतो. मोळी बांधताना एक बाई शिंकली, तसा मी दोन पावलं मागे सरलो. तिनं ते पाहिलं. उसाच्या पाल्यानं नाकात कूस जाते, शिंक येणारच, हे मला कळत नव्हतं असं नाही. ते तिचं बघणं अजून डोळ्यांपुढून जात नाही.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, आणि खरी अडचण तिथून सुरू झाली. तोड चालू असते तोवर वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, मिळतं. बैल त्यावर जगतात, उरलेलं विकून तेल-मिठाचा खर्च निघतो. ऊस संपला की वाढं संपलं. अठरा बैल दावणीला, आणि बाजार बंद, वाहन बंद, जिल्ह्याची हद्द बंद. माणसं कुणाकडं तरी पीठ मागू शकतात. बैल रात्रभर हंबरायचे आणि तो आवाज ओढा ओलांडून माझ्या अंगणापर्यंत यायचा. गावात पहिली मदत पोचली ती खरं तर या आवाजामुळंच. एका शेजाऱ्यानं स्वतःची मका कापून नेऊन टाकली, मग बाकीचे हलले.

रेशनचं विचारलं तर कार्डं गावाकडं. ‘म्हातारी तिकडं त्याच कार्डावर खाती, ते हिकडं कसं आणावं?’ या प्रश्नाला आमच्या दुकानदाराकडं उत्तर नव्हतं, माझ्याकडंही नव्हतं. बायकांनी घराघरांतून ज्वारी गोळा केली. डेअरीचं दूध एक वेळच जात होतं, दुसऱ्या वेळचं कोप्यांवर जाऊ लागलं. दुसरी बाजूही सांगतो. हे लोक ओढ्याच्या पाण्याला येतात म्हणून काहींनी ग्रामपंचायतीत तक्रार केली. त्यांतल्या दोघांचा ऊस याच टोळीनं तोडला होता.

एका रात्री तीन गाड्या जुंपून निघाल्यासुद्धा. विट्याच्या अलीकडं नाक्यावर अडवलं, पहाटे परत. बैल सगळी रात्र चाललेले आणि दावणीला काडी नाही. टोळीतल्या थोरल्याला सगळे तात्या म्हणतात. तो मला म्हणाला, ‘मास्तर, आमी का चोर हाव? आमच्याच घरी निघालाव.’

१७ एप्रिलला सरकारनं ऊसतोड मजुरांना घरी सोडायचा आदेश काढला. राज्यातल्या कारखान्यांवर तेव्हा सव्वा लाखाच्या वर माणसं अडकलेली होती. तपासणी करायची, याद्या करायच्या, गाडीची सोय कारखान्यानं करायची, ज्या गावाला जायचं त्या गावाला आधी कळवायचं. कागदावर सोपं होतं. याद्या करायचं काम माझ्याकडं आलं. मास्तरांचं अक्षर बरं असतं, एवढंच कारण.

कारखान्याच्या कागदांवर ही माणसं सापडतच नाहीत. तिथं टोळी आणणाऱ्या मुकादमाचं नाव असतं, गाडीचा नंबर असतो. कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक नग. त्यात बाईचं नाव कुठंच नसतं. मी वही घेऊन कोपीपुढं बसलो आणि नाव विचारलं, तर एकीनं नवऱ्याचं सांगितलं. पुन्हा विचारलं तर सासऱ्याचं. तुमचं स्वतःचं, म्हटल्यावर ती हसली, मग सावकाश तिन्ही नावं म्हणाली. मी लिहिताना वेलांटी चुकलो, तर तिनं वाकून बोट ठेवलं. ‘पहिली. सातवी शिकल्येय मी.’ ती शिंकलेली बाई हीच, मित्रा. पंधरा वर्षं या टोळ्या आमच्या ओढ्याला उतरतात. तोडीला वरून द्यायच्या त्यांच्या खुशालीच्या पैशांवरून मी दरसाल घासाघीस केलीय. एकाचंही पूर्ण नाव मला ठाऊक नव्हतं.

तपासणीला आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाई आल्या. गरोदर कोण हे कळावं म्हणून त्या प्रत्येकीला पाळीची तारीख विचारत होत्या. अकरांपैकी चौघींनी खाली बघून सांगितलं, पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढलीय. चौघींतली मोठी चौतीस वर्षांची. गेल्या वर्षी तुमच्या जिल्ह्यातलं हे सगळं पेपरात आलं होतं तेव्हा आपण बोललो होतो. पाळीला फडात सोय नाही, घरी थांबलं तर खाडा, खाड्याचे पैसे मुकादम कापतो. तेव्हा ती बातमी होती. या वेळी मी रकान्यात वय भरत होतो.

आणि मग गावाला कळवायची वेळ आली. तू इथं माझ्या उपयोगी पडलास ते मी मुद्दाम लिहून ठेवतो. मला वाटलं होतं, अडवणूक फक्त इकडून आहे. माणसं घरी येतायत म्हटल्यावर गाव वेशीवर येईल. पण बीडमध्ये तेव्हा रुग्ण जवळपास नव्हतेच, आणि ही माणसं येणार सांगलीहून, इस्लामपूरच्या बाजूनं. तुझ्या सरपंचांनी मला फोनवर स्पष्ट सांगितलं, इतक्यात पाठवू नका. मी त्यांना दोष देत नाही. मीही बांधावर दोन पावलं मागे सरलेला माणूस आहे. तू संध्याकाळी घरोघर फिरून काय बोललास ते मला माहीत नाही, पण सकाळी त्यांचाच फोन आला: शाळा मोकळी करतो, चौदा दिवस तिथं राहतील, पाणी आणि जेवण गाव देईल. तात्याला हे सांगितलं तेव्हा तो काही बोलला नाही, नुसता कोपीच्या मेढी उपटायला लागला.

२४ एप्रिलला दुपारी तीन ट्रक आले. टायरगाड्या कारखान्याच्या, त्या आवारात जमा झाल्या. ट्रक बांधाला मागून लावले आणि बैल एकेक करून आत चढवले. सतरा चढले. अठराव्याच्या खुरात पंधरा दिवसांपूर्वी उसाचा बुडखा घुसला होता. तो पाय उचलून उभा राहिला आणि हलेना. तीनशे किलोमीटर उभ्यानं जाणं त्याला झेपलं नसतं. धनी तिशीतला पोरगा आहे. त्यानं वेसण माझ्या हातात दिली आणि ‘हा डाव्या अंगाला जुंपायचा हाय, उजवीकडं ओढत न्हाई’ एवढं दोनदा सांगितलं. ट्रकमधला जोडीदार हंबरायला लागल्यावर तो पोरगा कॅबिनच्या पलीकडं जाऊन उभा राहिला.

पुढचं तुझ्या बाजूनं तुला ठाऊक आहे, माझ्या बाजूनं सांगतो. दहाला पंढरपूर मागं पडल्याचा फोन आला. मग टेंभुर्णी, करमाळा. जामखेड तेव्हा हॉटस्पॉट, म्हणून बाहेरून वळवलं. तीनला सौताड्याजवळ तुमच्या जिल्ह्याच्या हद्दीवर गाड्या थांबल्या आणि तात्याचा फोन आला, ‘यादीत छत्तीस हायेत, मोजली तर अडतीस भरत्यात, सायेब सोडंना.’ मला पहिल्यांदा वाटलं, वाटेत कुणी बसलं. नंतर ध्यानात आलं तसा घाम फुटला. यंदाच्या हंगामात कोपीतच जन्मलेली दोन तान्ही पोरं. आधारचा रकाना भरता येईना म्हणून तलाठ्याला विचारू, असं म्हणत मी ती दोन नावं बाजूला ठेवली आणि विसरलो. ज्यांना कागदच नाही त्यांना मीच यादीतून वगळलं. तुला झोपेतून उठवलं, तू मोटारसायकल काढून नाक्यावर गेलास, आपण दुरुस्त यादी पाठवली, तरी सकाळचे आठ वाजले. ते पाच तास बायका लेकरं मांडीवर घेऊन उघड्या ट्रकमध्ये बसून होत्या. नाक्यावरच्या लोकांनी पाणी दिलं, हे तूच सांगितलंस. पण ते पाच तास माझ्या खात्यावर आहेत.

दुसऱ्या दिवशी अक्षय तृतीया होती. टोळीतल्या म्हातारीला पितरांची केळी, म्हणजे पाण्याचं मडकं, भरायला घरी पोचायचं होतं. शाळेच्या पडवीत तिनं ती भरली, तो फोटो तू पाठवलास. माझ्या बायकोनं तो जपून ठेवलाय.

त्यानंतर दोन आठवड्यांनी, ८ मे रोजी, करमाडजवळचा तो अपघात झाला. जालन्याहून भुसावळकडे चालत निघालेली सोळा माणसं, मध्य प्रदेशातली, पहाटे रुळावरच मालगाडीखाली गेली. त्या बातमीनंतर मी कितीतरी रात्री झोपलो नाही. तात्याच्या गाड्या विट्याजवळ नाक्यावर सापडल्या नसत्या, आडवाटेनं गेल्या असत्या, तर काय झालं असतं? मे महिन्यात पेठ नाक्यावर हायवेनं चालणाऱ्यांना आम्ही पाणी, चुरमुरे, चपला देत होतो. तिथं एकानं मला कागद दाखवला, त्यावर फक्त गावाचं नाव आणि जिल्हा, बाकी काही नाही. पुढं मजुरांसाठी श्रमिक रेल्वेगाड्या सुरू झाल्या, कोल्हापूरहूनही सुटल्या, ते बरंच झालं.

पण तुमच्या माणसांचा हिशेब त्यातही कुठं येत नाही. परराज्यातून येणाऱ्या मजुरांसाठी १९७९ चा कायदा आहे, पाळला जातो की नाही ते सोड, पण आहे. तुमच्या पाटोद्याहून वाळव्याला येणारा माणूस तीनशे किलोमीटर येतो, सहा महिने घर सोडतो, तरी राज्य एकच म्हणून तो त्या कायद्याला स्थलांतरित नाही. आणि त्याला बांधून ठेवणारी गोष्ट टाळेबंदीच्या कितीतरी आधीची आहे. गेल्या ऑगस्टच्या पुरानं आमचा ऊस कुजला, हंगाम उशिरा सुरू झाला, टनेज कमी भरलं. जोडीमागं मुकादमाकडून आगाऊ घेतलेली लाखभराची उचल फिटलीच नाही. मुकादम फोनवर सांगत होता, प्रत्येकाच्या अंगावर इतके-इतके बाकी फिरलेत. म्हणजे ट्रकमध्ये बसतानाच पुढचा हंगाम विकला गेलेला होता. आम्ही त्यांना घरी पोचवलं, हे खरं. कर्जातून कुणीच पोचवलं नाही. मी ऊस लावणारा माणूस आहे, माझी साखर या उचलीतूनच निघते. म्हणून यंदा ग्रामसभेत दोन ठराव मांडणार आहे: टोळी उतरेल त्या दिवशी प्रत्येक बाईमाणसाचं नाव ग्रामपंचायतीच्या वहीत, आणि ओढ्याकाठी नळ व चार संडास. विरोध होईल. तरी मांडणार.

आता कामाचं. सोबत टोळीतल्या, इथं माझ्या शाळेत बसलेल्या पाच मुलांची शिक्षण हमी कार्डं पाठवतोय. ती मी मार्चमध्येच द्यायला हवी होती. शाळा उघडेल तेव्हा त्यांना त्यांच्या-त्यांच्या वर्गात बसव, मागं ओढू नकोस. तिसरीतली मुलगी गणितात फार चांगली आहे, तिच्याकडं लक्ष असू दे.

दुसऱ्या पाकिटात त्या दोन तान्ह्यांचे जन्माचे दाखले आहेत. उशिराची नोंद म्हणून तालुक्याला चार खेपा झाल्या, पण झालं. आईचं नाव तिन्ही शब्दांत आहे, आणि एकीत पहिली वेलांटी आहे ती नीट तपासून घे. जन्माचं ठिकाण आमचं गाव. मुलीचं नाव लिहिलंय. मुलाचं बारसं घरी गेल्यावर करणार म्हणाले होते, म्हणून त्याचा रकाना कोरा सोडलाय. काय ठेवलं ते विचारून कळव, म्हणजे इथं भरून घेतो.

तुझाच,
कृष्णाकाठचा