कोयनेच्या खोऱ्यात येताय तर

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

दिवाळीनंतर तू मैत्रिणींना घेऊन कोयनेच्या खोऱ्यात फिरायला येणार आहेस हे ऐकून फार बरं वाटलं. लोक महाबळेश्वरला येतात, बाजारात फिरतात आणि परत जातात. तिथेच उगवलेली नदी पुढे कुठे जाते हे बघायला फारसं कुणी थांबत नाही. फोनवर सगळं सांगून होत नाही, म्हणून लिहिते.

आपल्याकडच्या बहुतेक नद्या सह्याद्रीतून निघून पूर्वेची वाट धरतात. कोयना मात्र महाबळेश्वरहून डोंगराच्या कडेकडेने दक्षिणेला साठ-पासष्ट किलोमीटर उतरते, हेळवाकला डावीकडे वळते आणि कऱ्हाडला कृष्णेला मिळते. त्यामुळे हे खोरं दोन डोंगररांगांच्या मधे लांबच लांब पसरलंय आणि पावसाचं पाणी दोन्ही बाजूंनी त्यात उतरतं. कोयनानगरजवळच्या नवजाला तर बरेचदा महाबळेश्वरपेक्षाही जास्त पाऊस होतो. कोयना धरणाच्या मागे जो शिवसागर जलाशय साठतो त्याची क्षमता १०५ टीएमसी, म्हणजे १०५ अब्ज घनफूट आहे. त्यातलं बरंचसं पाणी बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीकडे नेऊन त्यावर वीज करतात. ते वाशिष्ठीतून अरबी समुद्राला जातं, आणि जे पूर्वेला सोडतात ते कृष्णेतून बंगालच्या उपसागराला. एका नदीचं पाणी दोन समुद्रांना जातं, याचं मला अजूनही अप्रूप आहे.

तुम्ही साताऱ्याहून कासमार्गे बामणोलीला या. तिथे बोट क्लबवर वासोटा किल्ल्याला जायची बोट मिळते. वनखात्याची परवानगी लागते, आधार कार्ड जवळ ठेवा. पलीकडे उतरल्यावर पिशव्या तपासतात, प्लास्टिक मोजून आत सोडतात, परतताना तेवढंच दाखवावं लागतं. त्याची कुरकुर करू नका, ते नसतं तर पायथा कधीच कचऱ्याने भरला असता. गडावर मुक्काम करू देत नाहीत, संध्याकाळी बोट गाठावीच लागते, म्हणून पहाटेच निघा. पाण्यावरच दीड तास जातो.

वासोट्याचं दुसरं नाव व्याघ्रगड. वर मारुतीचं बिनछपराचं देऊळ आहे, महादेवाचं मंदिर आहे, चुन्याचा घाणा आहे. ताई तेलिणीने इथूनच पेशव्यांचे सरदार बापू गोखले यांना झुंजवलं, आणि १८१८ मध्ये गड इंग्रजांनी घेतला. पण खरी गोष्ट कड्यावर आहे. पश्चिमेच्या टोकाला उभं राहिलं की पायाखाली एकदम कोकण. तिथे कठड्याशी मस्ती करू नका आणि सेल्फीसाठी पुढे सरकू नका, हे आई म्हणून बजावते.

तुझ्या मैत्रिणीने विचारलं होतं ना, वाघ दिसेल का? कोयना अभयारण्य १९८५चं, आणि २०१० मध्ये ते चांदोलीसोबत सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आलं. पण इथे वाघ फार थोडे, चढ उभे आणि झाडी दाट. ताडोब्यासारखा तो रस्त्यावर येऊन बसेल ही आशा धरून आलात तर सगळा दिवस हिरमुसण्यात जाईल. त्यापेक्षा चढताना मान वर ठेवा. शेंड्याकडे पानं हलली आणि खाली फळाच्या साली पडायला लागल्या की तिथेच थांबा, बोलू नका. शेकरू असतं. मागच्या पायांवर फांदीला धरून बसतं, पुढच्या दोन्ही पायांत फळ फिरवत कुरतडतं आणि तपकिरी झुबकेदार शेपूट सरळ खाली सोडलेली असते. एकच शेकरू चार-सहा घरटी बांधून ठेवतं, तीही अशा बारीक फांद्यांवर की जड जनावर तिथवर पोचू नये. सहसा जमिनीवर उतरत नाही, झाडावरून झाडावर उडी मारतं. म्हणून मधली चार झाडं तुटली की त्याची वाटच तुटते.

ओल्या मातीत गव्याच्या खुरांचे ठसे मिळतील. गवा समोर आला, तर फोटो काढत पुढे जायचं नाही, मुकाट मागे व्हायचं. भेकर म्हणजे एक लहान हरीण, त्याचं भुंकणं ऐकून कुत्रा समजू नका. पायाला जळू चिकटलीच तर ओढू नका, मीठ लावा.

आणि एक गोष्ट मला तुला सांगायचीच होती. तिथे कुणी म्हणेल, किती अस्सल, माणसाचा हात न लागलेलं रान! तसं ते नाही. पायथ्याला मेट इंदवलीच्या बाजूला झाडीत नीट बघ, घरांची जोती दिसतील. कुणीतरी आंबा-फणस लावलेत, अंगणं सारवलीत. धरणाचं पाणी चढलं तेव्हा खोऱ्यातली गावं उठली. तुझ्या पणजीचं माहेर त्यातलंच. कुणी सोलापूरकडे, कुणी रायगडात गेलं, भात आणि नाचणी पिकवणारी माणसं परक्या मातीत जाऊन बसली. काहींचा जमिनीचा हिशेब अजून पुरा झालेला नाही. पाण्याने घेतलं नाही ते पुढे अभयारण्याने घेतलं, आणि ओस पडलेल्या शेतांत रान वाढलं. ते रान वाचलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं. पण त्याची किंमत ज्यांनी भरली त्यांची नातवंडं आज बामणोलीला बोटी चालवतात, पाहुण्यांना जेवण करून घालतात. म्हणून शहरातून डबे बांधून आणू नका. तिथेच जेवा, तिथेच राहा, बोटीच्या पैशात घासाघीस करू नका. वल्ही मारायचे दिवस आठवणारा कुणी म्हातारा भेटला तर त्याला जुन्या गावाचं नाव विचार, तो बोलता होईल. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटेचा भूकंपही तो सांगेल, आपल्या घरात आज्जी सांगायची तसाच.

कासच्या पठारावरची फुलं तुम्हाला आता मिळायची नाहीत, ती सप्टेंबरात. त्यासाठी वेगळी ये, आधी ऑनलाइन नोंदणी करून. जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे सपाट कातळावर, मातीचा पातळ थर असतो, पोषण जवळजवळ नाहीच. म्हणून तिथली सीतेची आसवं नावाची रोपं मुळांजवळच्या बारीक पिशव्यांत पाण्यातले जीव पकडून पोट भरतात. निळंजांभळं, नखाएवढं फूल, त्यावर दोन पांढरे ठिपके. उभ्याने दिसत नाही, वाकावं लागतं. फुलांच्या गालिच्यावर बसून फोटो काढणाऱ्यांच्या अंगाखाली तेच चिरडलं जातं. तुम्ही वाटेवरूनच बघा.

मामाला सांगून ठेवलंय, तो बामणोलीत ओळखीच्या घरी राहायचं बघतोय. तुम्ही नक्की किती जणी आहात आणि मटण कोण खात नाही ते रविवारपर्यंत कळव. सकाळी खोऱ्यात धुकं आणि गारठा असतो, स्वेटर विसरू नकोस.

तुझी,
आई