व्हिडिओवाल्या काकांचे जाहीर आभार

प्रिय काका,
सप्रेम नमस्कार.

आमचं गाणं गॅदरिंगला पडद्यावर लागलं. टाळ्या आम्हाला मिळाल्या, पण त्यातल्या निम्म्या तुमच्या होत्या हे हॉलमध्ये कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर.

आम्ही तुमच्याकडे आलो ते कॅमेरा भाड्यानं मागायला, तेही ऐन लग्नसराईत. तुम्ही आधी गाणं ऐकलंत, मांडीवर ठेका धरलात आणि म्हणालात, "केरवा हाय. वही काढा." केरवा म्हणजे आठ मात्रांचा ताल. लय मिनिटाला १२० मात्रांची, म्हणजे आठ मात्रांचं आवर्तन चार सेकंदांचं आणि तीन मिनिटांच्या गाण्यात ४५ आवर्तनं. तेवढे चौकोन तुम्ही आखून घेतलेत. कुठल्या चौकोनात कोण, कुठे, कोणत्या उजेडात, हे भरून होईपर्यंत कॅमेरा कपाटातच. आमच्या ग्रुपमधली निम्मी भांडणं त्या वहीनं मिटवली. ड्रोन पाहिजेच म्हणणाऱ्या आमच्या दिग्दर्शकाला ड्रोनसाठी एकही चौकोन रिकामा सापडेना!

पण खरी मजा रंकाळा तलावावर आली. आमची गायिका काठानं धावत येते तो शॉट स्लो मोशनमध्ये हवा होता, आणि ओठही गाण्याला जुळायला हवे होते. तुम्ही शांतपणे सांगितलंत, "मग गाणं डबल स्पीडनं वाजवा." कॅमेरा सेकंदाला ५० फ्रेम घेणार, एडिटिंगला त्याच फ्रेम २५ च्या वेगानं चालणार. म्हणजे हालचाल निम्म्यावर येणार आणि भरभर म्हटलेले शब्द मूळ लयीत बसणार. स्पीकरवर गाणं उंदरानं म्हटल्यासारखं चिरकत होतं, भेळ खाणारी मंडळी खोखो हसत होती, आणि ती बिचारी हसू दाबून तोंड चालवत होती. एडिटिंगला बसलो तेव्हा ओढणी सावकाश तरंगत होती, केस सावकाश उडत होते आणि ओठ मात्र शब्दाला घट्ट. तो तुकडा आम्ही परत परत पाहिला.

ट्यूबलाइटखाली चित्र फडफडायला लागलं तेव्हा कॅमेऱ्याचं शटर १/५० सेकंदावर आणायला तुम्ही फोनवरून सांगितलंत. तिकडे वरातीचा बँड वाजत होता, तरी फोन उचललात. चेहऱ्यावर उजेड कमी पडतोय म्हणून भाड्याचे लाइट मागितले, तर थर्माकोलचा पत्रा हातात देऊन म्हणालात, "शिनेमावाल्या बाबूराव पेंटरांनी ह्याच कोल्हापुरात कॅमेरा सोता घडवला, तुमास्नी पत्रा धरायला जमंना व्हय?" जमलं, काका. उन्हाकडं तोंड करून धरला की सावलीतला चेहरा कसा उजळतो, ते तेव्हा कळलं.

एवढं सगळं करून एकही शॉट तुम्ही स्वतः घेतला नाहीत. फ्रेम तिरकी दिसली तरी नुसतं खाकरायचात. पैशाचं विचारलं तर चहा मागवलात. नावांच्या पाटीत तुमचं नाव घालू नका म्हणालात, तेवढं मात्र आम्ही ऐकलेलं नाही.

मे महिन्यातल्या लग्नांच्या तारखा कळवा. आमच्यातले चौघं लाइट धरायला मोकळे आहेत, आणि केबल कोपराभोवती गुंडाळून खराब करणार नाही, शब्द देतो.

तुमची,
गाण्याची सगळी पोरं-पोरी