धनादेशावर सही करणाऱ्या सभासदांसाठी सूचना

नाशिक परिसरातील द्राक्ष व कांदा व्यापारी सभासदांना कळविण्यात येते की, शेतकऱ्यांना पुढील तारखेचा धनादेश देताना त्या तारखेला खात्यात रक्कम राहील याची खात्री करूनच सही करावी. शेतकऱ्याचे वर्षाचे कष्ट त्या कागदावर अवलंबून असतात.

निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायदा, १८८१ च्या कलम १३८ नुसार, देणे फेडण्यासाठी दिलेला धनादेश अपुऱ्या शिलकीमुळे न वटल्यास, बँकेकडून तसे कळल्यापासून ३० दिवसांत धनादेशधारक लेखी नोटीस देऊ शकतो, आणि ती मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम न दिल्यास सही करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, धनादेशाच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. त्यामुळे अशी नोटीस घेण्याचे टाळू नये. ते पंधरा दिवस चूक सुधारण्यासाठीच आहेत. खाते बंद केले किंवा बँकेला पैसे न देण्याची सूचना दिली, तरी जबाबदारी आपोआप संपत नाही.

विशेष काळजीची बाब म्हणजे, ‘तारण’ म्हणून सही करून दिलेले कोरे धनादेश. त्यावर रकमेचा आकडा दुसऱ्याने लिहिला एवढ्यावरून सुटका होत नाही, आणि देणे नव्हते हे दाखविण्याचा भार सही करणाऱ्यावर येतो. व्यवहार मिटताच असे धनादेश परत घेऊन पोच जपून ठेवावी.