शिरस्त्राण काढून ठेवणारा सेंच्युरियन : मित्रास पत्र

लक्झेंबर्ग,
कोजागरीनंतरचा रविवार

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार वि. वि.

दोन वर्षांपूर्वी नाणेघाट उतरून आपण वैशाखऱ्याच्या रस्त्याला लागलो, तेव्हा झालेला वाद तुला आठवत असेल. वेश चढवला की मार्गदर्शकाचा बहुरूपी होतो, लोक त्याच्या तलवारीबरोबर फोटो काढतात आणि पाहायला आलेले दगड पाहायचे राहूनच जातात, असे तू म्हणाला होतास. आणि मीही त्या वेळी मान डोलावली होती. त्या मताला धक्का बसावा असे काही मी गेल्या दोन शनिवारी पाहिले. तू विद्यार्थ्यांना घेऊन तेर, पैठण आणि नाणेघाट करतोस, म्हणून हे सगळे तुलाच सविस्तर लिहावेसे वाटले.

येथून आगगाडीने तासाभरात जर्मनीतल्या ट्रियरला पोहोचता येते. मोझेल नदीच्या काठचे हे शहर रोमन लोकांचे ‘ऑगुस्टा ट्रेवेरोरुम’, म्हणजे ट्रेवेरी या स्थानिक जमातीच्या मुलखात सम्राट ऑगस्टसच्या नावाने वसवलेले नगर. पुढे चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाइन येथे राहिला, सम्राट व्हॅलेंटिनियनने येथून कारभार पाहिला, आणि रोमन साम्राज्याच्या पश्चिम भागातल्या सर्वांत मोठ्या शहरांत त्याची गणना होऊ लागली. आज दरवाजा, स्नानगृहे, प्रेक्षागार, राजसभागृह आणि नदीवरच्या पुलाचे दगडी खांब हे सगळे एका दिवसात पायी फिरून पाहता येते; १९८६ पासून हे अवशेष जागतिक वारसा यादीत आहेत. यांपैकी काही ठिकाणी रोमन वेशातले नट-मार्गदर्शक लोकांना फिरवतात. पहिल्या शनिवारी मी मुलीला घेऊन ‘पोर्टा निग्रा’ या दरवाजाची फेरी केली आणि दुसऱ्या शनिवारी प्रेक्षागाराची.

दरवाजाविषयी आधी सांगतो, कारण खरा आनंद तेथे मिळाला. पोर्टा निग्रा म्हणजे काळा दरवाजा. पण हे नाव मध्ययुगातले आहे. मूळचा फिकट वालुकाश्म हवेने आणि धुराने काळवंडला, तेव्हा लोकांनी त्याला हे नाव दिले. सुमारे ७,२०० तासलेले दगड चुन्याशिवाय एकावर एक रचलेले आहेत आणि त्यांतले सर्वांत मोठे सहा टनांपर्यंत भरतात. दगडांना एकमेकांशी जखडणाऱ्या लोखंडी पट्ट्या मध्ययुगात लोकांनी लोखंडासाठी खणून काढल्या. त्यामुळे भिंतीभर, देवीचे व्रण असावेत तशी, भोके दिसतात. बांधकामाच्या पायाजवळ सापडलेल्या लाकडाच्या वर्षवलयांवरून ते लाकूड इ. स. १६९-७० च्या हिवाळ्यात तोडलेले होते असे ठरले आहे. म्हणजे हा दरवाजा सम्राट मार्कस ऑरेलियसच्या काळातला.

ठरलेल्या वेळी आम्ही वीसेक जण दरवाजापाशी उभे होतो. आधी पावलांचा आवाज आला आणि नंतर माणूस दिसला. खिळे ठोकलेल्या तळव्यांच्या वहाणा दगडी फरशीवर कशा वाजतात, हे मी आजवर फक्त वाचले होते. ती करकर आतल्या कमानीतून घुमत आली आणि सगळे आपोआप गप्प झाले. माणूस धिप्पाड नव्हता. पन्नाशीचा, किंचित पोट सुटलेला. अंगात लोखंडी कड्यांचे चिलखत, छातीवर पराक्रमाच्या चकत्या, डोक्यावर कानापासून कानापर्यंत आडवा तुरा असलेले शिरस्त्राण. सेंच्युरियन म्हणजे सुमारे ऐंशी शिपायांचा नायक, आणि लढाईच्या गर्दीत आपल्या माणसांना तो ओळखू यावा म्हणून त्याचा तुरा आडवा असे. त्याने तलवार डाव्या कुशीला लावली होती. साधे शिपाई ती उजव्या कुशीला लावत, आणि हा फरक त्याने एका मुलाला प्रश्न विचारून त्याच्याकडूनच काढून घेतला.

त्याच्या हातात द्राक्षवेलीची एक गाठाळ काठी होती. ती सेंच्युरियनच्या अधिकाराची खूण आणि शिपायांना झोडपण्याचे साधनही. रोमन इतिहासकार टॅसिटसने सांगितलेली हकीकत त्याने तेथेच सांगितली. डॅन्यूबकडच्या सैन्यात ल्युसिलियस नावाचा एक सेंच्युरियन होता. शिपायाच्या पाठीवर काठी मोडली की तो दुसरी मागे, तीही मोडली की तिसरी, आणि म्हणून शिपायांनी त्याचे नावच ‘दुसरी आण’ असे पाडले होते. इ. स. १४ च्या बंडात शिपायांनी त्याला ठार मारले. ही गोष्ट सांगताना आमच्या माणसाने काठी हळूच पाठीमागे धरली आणि काही क्षण तो बोललाच नाही. मित्रा, ही गोष्ट पुस्तकात वाचली तर आपण गालातल्या गालात हसून पुढे जातो. पण काठी समोर असली, ती बोटभर जाड आहे हे दिसत असले, की ती पाठीवर मोडायला किती जोर लागला असेल याचा हिशेब मन आपोआप करू लागते.

नंतर त्याने आम्हाला दरवाजाच्या दोन कमानींमधल्या चौकात नेले आणि मधोमध उभे राहायला सांगून तो स्वतः जिन्याने वर गेला. आम्ही वाट पाहत राहिलो. अचानक वरच्या एका खिडकीतून त्याचा आवाज आला, मग समोरच्या खिडकीतून, मग मागच्या. आपण कोठे उभे आहोत हे तेव्हा कळले. बाहेरची कमान फोडून आत शिरलेला शत्रू या चौकात सापडतो, आतले दार बंद असते, आणि चारी बाजूंच्या खिडक्यांतून त्याच्यावर मारा होतो. रायगडाच्या महादरवाजापाशी तू आम्हाला दोन बुरुजांच्या मधल्या वळणात थांबवून हेच समजावले होतेस, ते मला तत्क्षणी आठवले. मुलगी मला बिलगली आणि तिने माझा हात घट्ट धरला. नकाशावर ही रचना तिला दहा वेळा दाखवली असती तरी एवढी कळली नसती.

पण ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहितो आहे ती पुढेच आहे. वरच्या मजल्यावर गेल्यावर त्याने शिरस्त्राण काढले, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले, कपाळावरचा घाम पुसला आणि आवाज पूर्ण बदलून तो म्हणाला की, आता मी तुमच्यासारखाच आजचा माणूस आहे. मग त्याने सांगितले की ट्रियर हे मुळात नागरी शहर होते. दरवाजा बांधला त्या काळात मोठी सैन्यदले ऱ्हाइनच्या काठी माइन्झ, बॉन आणि क्सांटन येथे असत, त्यामुळे माझ्यासारखा सेंच्युरियन येथे असलाच तर पाहुणा म्हणून असेल. माझ्या पायातल्या या उघड्या वहाणा पहिल्या शतकाच्या आहेत, १७० पर्यंत सैन्यात बंद बूट आले होते, पण वहाणांचा आवाज आणि त्यांच्या चामडी पट्ट्यांचे जाळे पाहणाऱ्यांना रोमन शिपाई चटकन ओळखवून देते म्हणून मी त्या घालतो, हेही त्याने न विचारता सांगितले. (सम्राट कॅलिग्युलाचे हे नाव याच वहाणांवरून पडले. लहानपणी तो छावणीत शिपायांसारख्या चिमुकल्या वहाणा घालून फिरत असे. त्याचा जन्म याच ट्रेवेरी मुलखात झाला असे थोरला प्लिनी या रोमन लेखकाचे म्हणणे होते, ते पुढे चरित्रकार स्वेटोनियसने खोडून काढले.)

शिरस्त्राण कट्ट्यावर असेपर्यंत त्याने सेंच्युरियनला ठाऊक असणे शक्यच नव्हते असे सगळे सांगून घेतले. अकराव्या शतकात सिमिऑन नावाचा ग्रीक साधू या बुरुजात स्वतःला कोंडून घेऊन राहिला आणि १०३५ मध्ये तेथेच वारला. त्याच्या स्मरणार्थ दरवाजाचेच दुमजली चर्च करण्यात आले आणि त्यामुळेच तो वाचला. शहराच्या बाकीच्या रोमन दरवाजांचे दगड लोकांनी घरांसाठी नेले. १८०४ मध्ये नेपोलियन येथे आला आणि त्याने चर्चचे बांधकाम उतरवून रोमन दरवाजा मोकळा करण्याचा हुकूम दिला. मग आमच्या माणसाने शिरस्त्राण पुन्हा डोक्यावर ठेवले, हनुवटीखाली पट्टा आवळला, आणि पुढच्या वाक्याला तो १७० मध्ये परत गेला होता.

तेथून पुढे त्याचे बोलणे तक्रारीचे होते. हा दरवाजा पुरा झालाच नाही, अशी ती तक्रार. त्याने आम्हाला बाहेरच्या अर्धखांबांवरून हात फिरवायला लावला. टाकीचे घाव तसेच आहेत, दगडांचे फुगवटे घासून गुळगुळीत केलेले नाहीत. दाराचा खुंटा ज्यात फिरायचा ते खळगे त्याने दाखवले. तेही अर्धवट कोरून सोडलेले आहेत, म्हणजे येथे दारे कधी बसलीच नसावीत. “एवढा दरवाजा, आणि त्याला दार नाही,” असे तो जेव्हा त्या खळग्यात काठीचे टोक फिरवत म्हणाला, तेव्हा बांधकाम अर्धवट टाकून गेलेल्या लोकांवरचा त्याचा राग मला खरा वाटला. खाली आल्यावर त्याने चिलखताचा एक सुटा अंगरखा मुलांच्या हातांत दिला. मुलीने तो दोन्ही हातांनी उचलला, तिचे खांदे खाली ओढले गेले, आणि कड्यांचा तेलकट वास तिच्या तळहातांना घरी येईपर्यंत होता.

दुसऱ्या शनिवारच्या प्रेक्षागाराबद्दल थोडक्यात लिहितो. टेकडीच्या उताराला खोदून केलेल्या या जागेत सुमारे १८,००० माणसे बसत. ग्लॅडिएटरच्या वेशातल्या माणसाने रिंगणाखालच्या तळघरात आम्हाला नेले. तेथे ओल होती, पाणी ठिबकत होते, आणि वरच्या गर्दीची वाट पाहत अंधारात थांबणे म्हणजे काय याविषयी तो हलक्या आवाजात बोलला. इ. स. ३०६ च्या सुमारास कॉन्स्टंटाइनने अस्कारिक आणि मेरोगाइसस या फ्रँक राजांना पकडून ट्रियरमध्ये श्वापदांपुढे टाकले. ही हकीकत सांगताना त्याने तलवार जमिनीवर ठेवून दिली होती. वीरश्रीचा एक शब्दही त्याने काढला नाही, हे मला फार योग्य वाटले.

तुझा आक्षेप मात्र मी विसरलेलो नाही, आणि तो खोटा आहे असेही म्हणत नाही. गेल्या वर्षी दुसऱ्या एका देशात, दुसऱ्या एका रोमन शहरात मी अशीच फेरी केली होती. तेथे पांढरी चादर खांद्यावर टाकलेला एक तरुण कधी सीझर होई, कधी नीरो. त्याला ना साल होते, ना गाव. खरा टोगा अर्धवर्तुळाकार लोकरीचा, पाचसहा मीटर लांब, डाव्या हातावर सतत तोलून धरावा लागणारा. तो नेसलेल्या माणसाला भरभर चालताच येत नाही. त्याची चाल सांगायची सोडून त्या तरुणाने आमच्याकडून अंगठे खाली करवून घेतले. खाली केलेला अंगठा म्हणजे मरण, ही समजूत जुन्या ग्रंथांतून सिद्ध होत नाही. अंगठा नेमका कोणत्या दिशेला वळवत याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. तेथे सोंग होते, पण ते वठले नाही, कारण त्याच्या मागे कोणी एक माणूस नव्हता. ट्रियरचा सेंच्युरियन एका वर्षातला, एका दरवाजावरचा, एका तक्रारीचा माणूस होता, आणि त्याची ठाऊक असण्याची हद्द संपली की शिरस्त्राण काढायला तो कचरत नव्हता. तुझ्या शंकेचे उत्तर मला या दोन गोष्टींत सापडले.

म्हणून तुला एक सुचवतो, आणि मनापासून सुचवतो. नाणेघाटात, जकातीची नाणी ज्यात टाकत असे म्हणतात त्या दगडी रांजणाजवळ, एक जकातदार उभा कर. काळ पहिल्या शतकाचा घे. ‘पेरिप्लस’ या त्या काळच्या ग्रीक सागरी व्यापाराच्या पुस्तकात म्हटले आहे की त्या वेळी कल्याणच्या बंदरात व्यापाराला अडथळा होता आणि चुकून तेथे आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात. पैठणचे अकीक आणि तेरचे कापड गाड्यांतून बिकट वाटांनी भडोचकडे जाई, असेही त्यात आहे. मग कल्याणकडून येणारे बैलांचे तांडे कमी झाले म्हणून काळजीत पडलेला तो माणूस काय बोलेल? कोणाची वाट पाहत तो घाटाच्या तोंडाशी बसला असेल? आणि मग त्याने पागोटे काढून गुहेच्या पायरीवर ठेवावे आणि आजच्या आवाजात सांगावे की रांजण जकातीचा ही आपल्याकडची परंपरा आहे. गुहेतल्या सातवाहन राणी नागनिकेच्या लेखात यज्ञ आणि दक्षिणा आहेत, गाई आणि कार्षापणे (त्या काळची नाणी) आहेत, पण या रांजणाचा उल्लेख नाही. भिंतीवरच्या राजघराण्याच्या मूर्ती गेल्या आणि नावे तेवढी उरली, हेही त्याच वेळी सांगता येईल.

वेशाची अडचण तू सांगशील हे मला माहीत आहे. त्यासाठी कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या ओसरीतली स्त्रीपुरुषांची शिल्पे पाहा. त्या पुरुषांचे पागोटे, कर्णभूषणे आणि कमरेचे वस्त्र इतके स्पष्ट कोरलेले आहे की जाणत्या शिंप्याला त्यावरून काम करता येईल. पागोट्याची गाठ कोणत्या बाजूला येते आणि वस्त्राचा सोगा कोठपर्यंत लोंबतो, एवढे पुढच्या वेळी नीट मोजून, चित्र काढून मला पाठव. मी डिसेंबरात तीन आठवडे घरी आहे. जकातदाराचे बोलणे आपण दोघे बसून लिहू, आणि पहिल्या फेरीला बैलाच्या गळ्यातल्या घंटा मी आणीन.

काकूंना माझा साष्टांग नमस्कार सांग, लहानांना आशीर्वाद. कळावे, लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा ही विनंती.

तुझा मित्र