दुखऱ्या चवड्याला गादी हवी, पण नेमक्या जागी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

टाचदुखीवर आरोग्य पुरवण्यांत वरचेवर लेख येतात. चवड्याच्या दुखण्यावर मात्र क्वचितच काही छापून येते, आणि आलेच तर ‘बुटात मऊ इनसोल घाला’ एवढ्या एका ओळीत उरकलेले असते. ती ओळ खोटी नाही, पण अपुरी आहे. त्या अपुरेपणापायी माणसे भलतेच काहीतरी विकत घेतात, भलत्याच जागी लावतात आणि ‘असल्या गाद्यांनी काही होत नाही’ असे ठरवून दुखणे अंगावर काढतात. म्हणून हे पत्र.

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. नोकरीचा बहुतेक काळ फळ्यासमोर आणि प्रयोगशाळेत उभ्याने गेला. चवड्याचे दुखणे मला चांगले ओळखीचे आहे. बुटात खडा अडकलाय असे वाटावे, बूट काढून झटकावा, तर आत काहीच नसावे. माझे दुखायचे ते दुसऱ्या आणि तिसऱ्या बोटाच्या मुळाशी, तळव्याच्या बाजूने. तिथेच जाड घट्टाही पडला होता. शेवटच्या तासाला मी पायाच्या बाहेरच्या कडेवर भार टाकून शिकवत असे. मग घोटा आणि गुडघाही बोलू लागले.

दाब म्हणजे एकक क्षेत्रफळावर पडणारे बल, हे आम्ही मुलांना शिकवतो. चवड्याचे सगळे गणित त्यात आहे. साठ किलो वजनाच्या माणसाचा भार सुमारे 590 न्यूटन. दोन्ही पायांवर स्वस्थ उभे असताना तो टाचा आणि चवडे यांच्यात वाटला जातो. चालताना मात्र प्रत्येक पावलाला असा क्षण येतो, की मागची टाच उचललेली असते, दुसरा पाय अजून टेकायचा असतो आणि सगळा भार एकाच चवड्यावर येतो. शरीर पुढे ढकलायचे असल्याने तो वजनापेक्षा थोडा जास्तच असतो. पायात 26 हाडे असतात. त्यांतली पाच लांब हाडे तळव्याच्या मध्यापासून बोटांच्या मुळापर्यंत येतात आणि त्यांची पुढची गोल टोके चवड्यात जमिनीवर टेकतात. त्या टोकांखाली चरबीची नैसर्गिक गादी असते. वाढत्या वयात ती विरळ होते, कधी पुढे बोटांकडे सरकते. दुसरे हाड बहुतेकांच्या पायात सर्वांत लांब असते, त्यामुळे दुखणेही पुष्कळदा तिथेच सुरू होते. उंच टाचांचे बूट भार पुढे लोटतात. पोटऱ्या आखडलेल्या असल्या की टाच लवकर उचलली जाते आणि चवड्याला जास्त वेळ राबावे लागते. पायाची कमान उंच असेल तर तळव्याचा मधला भाग जमिनीला टेकतच नाही, मग भार घेणार कोण? टाच आणि चवडा.

म्हणजे उपाय दोन. टोकांखाली पडणारा धक्का मऊ करायचा, किंवा तिथला भार उचलून शेजारच्या, न दुखणाऱ्या जागेवर द्यायचा. बाजारात या दोन्हींसाठी वेगवेगळ्या वस्तू मिळतात आणि सगळा घोटाळा इथेच होतो. पहिली वस्तू म्हणजे सपाट, मऊ गादी. ती जेलची असते किंवा फोमची, आणि ती थेट चवड्याखाली बसते. दुसरी म्हणजे घुमटाच्या आकाराचा, मध्ये फुगीर असलेला छोटा पॅड. त्याची जागा चवड्याखाली नाही. तो हाडांच्या टोकांच्या लगेच मागे, टाचेच्या बाजूला बसवायचा असतो. तिथे तो हाडांच्या दांड्यांना खालून आधार देतो, टोकांवरचा भार मागे घेतो आणि हाडांमध्ये थोडी फट पाडतो. हाडांमधून बोटांकडे जाणारी नस चिमटली गेली असेल, तर त्या फटीने तिलाही मोकळीक मिळते. टॉमस जॉर्ज मॉर्टन या अमेरिकी शल्यचिकित्सकाने 1876 मध्ये वर्णन केलेले दुखणे ते हेच. बहुधा तिसऱ्या आणि चौथ्या बोटाच्या मध्ये जळजळ, मुंग्या, विजेचा झटका बसल्यागत कळ. बूट काढून चवडा चोळला की बरे वाटते.

हाच घुमटाचा पॅड बोटभर पुढे सरकला, तर काम नेमके उलटे होते. दुखऱ्या टोकाखाली उंचवटा आला, टेकणारे क्षेत्रफळ कमी झाले, दाब वाढला. मी आणलेल्या एका पाकिटावर तसेच चित्र होते: घुमटाचा पॅड आणि तो दाखवलेला थेट बोटांच्या मुळाखाली. चित्राबरहुकूम लावला आणि मधल्या सुट्टीआधीच मला वर्गात खुर्ची ओढून बसावे लागले. पुढे एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी तो उचकटला, अंगठ्याने तळवा दाबून हाडांची टोके शोधली आणि पॅड त्यांच्या मागे चिकटवला. वस्तू तीच, बूट तेच, पाय तोच. फरक फक्त जागेचा. पहिले काही दिवस तळव्याखाली काहीतरी आल्यासारखे वाटत राहिले. मग ते जाणवेनासे झाले, आणि खडाही.

जागा शोधायची त्यांनी दाखवलेली रीत मी तेव्हापासून विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगते. तळव्यावर जिथे सर्वांत जास्त दुखते तिथे लिपस्टिकचा ठिपका लावायचा. बुटातला इनसोल जागेवर असताना पाय अलगद आत घालून पूर्ण भार देऊन उभे राहायचे आणि पाय सरळ वर काढायचा. इनसोलवर उमटलेली खूण म्हणजे दुखरी जागा. घुमटाचा पॅड त्या खुणेच्या मागे. त्याचा कुठलाही भाग खुणेवर यायला नको. सुरुवातीला चिकटपट्टीने तात्पुरता लावून घरातल्या घरात चालून पाहावे, थोडा मागेपुढे करावा आणि बरे वाटेल तिथे पक्का करावा. इथे काही मिलिमीटरनेही फरक पडतो, तेव्हा या कामात घाई नको. पहिल्या दिवशी तासभरच घालावा, मग हळूहळू वेळ वाढवावा.

आता बुटाविषयी, कारण दोष इनसोलला लागतो आणि अपराधी पुष्कळदा बूट असतो. आधीच आवळ बसणाऱ्या बुटात आणखी एक थर घातला, की पाय वर उचलला जातो, बोटे वरच्या चामड्याला घासतात आणि चवडा दोन्ही बाजूंनी दाबला जातो. नस चिमटली गेलेल्याचे दुखणे अशाने वाढतेच. बुटाचा मूळ इनसोल निघत असेल तर तो काढूनच नवा घालावा. निघत नसेल, तर फक्त पुढच्या भागापुरती पातळ गादी पाहावी. नवे बूट घ्यायचे असतील तर संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना आणि इनसोल बरोबर नेऊन घ्यावेत. दोन्ही पाय उभ्याने मोजून घ्यावेत, कारण वयाबरोबर पाय पसरतो आणि तरुणपणचा नंबर कायम राहीलच असे नाही. पुढे टोकाशी अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, पुढचा भाग रुंद आणि खोल हवा, आणि बूट वाकवला तर तो बोटांच्या मुळाशी वाकायला हवा, मधोमध नाही. लेसचे बूट बरे, कारण ते घोट्यापाशी पाय धरून ठेवतात आणि पाय पुढे घसरत नाही.

मऊपणाबद्दलही एक सांगते. दुकानात बोटाने दाबून जे सर्वांत मऊ लागते ते सर्वांत चांगले, असा आपला समज असतो. बोटाचा जोर कुठे आणि 590 न्यूटन कुठे! फार मऊ फोम भाराखाली पूर्ण चेपला जातो आणि मग पाय थेट खालच्या कडक तळावरच टेकतो. म्हणून अंगठ्याने पूर्ण जोर लावून दाबून पाहावे. खालचा टणक तळ अंगठ्याला लागला, तर ती गादी दिवसभर उभे राहणाऱ्याच्या कामाची नाही. जेल सहसा चेपून बसत नाही, पण जड असते आणि नीट चिकटवली नाही तर सरकते. फोम हलका, पण वापराने दबून जातो. तो दबलाय हे कळायला सोपी रीत म्हणजे नव्या इनसोलची जाडी कडेवर मोजून लिहून ठेवायची आणि अधूनमधून चवड्याखालची जाडी पडताळायची. मी ती इनसोलच्या मागेच पेनने लिहिते. प्रयोगवहीची सवय, दुसरे काय.

इनसोल बुटात राहतो, हेही लक्षात असावे. दिवसभर त्याचा आधार घ्यायचा आणि घरी आल्यावर कडक फरशीवर अनवाणी वावरायचे, तर मिळालेला आराम जातो. पोटऱ्यांचा ताणही रोज द्यायला हवा: भिंतीला हात टेकून, मागचा गुडघा सरळ आणि टाच जमिनीला चिकटलेली.

काही जणांनी मात्र गादीच्या भरवशावर मुळीच राहू नये, आणि पुरवणीत हे ठळक छापले जावे अशी माझी कळकळ आहे. मधुमेहाने पायाची संवेदना कमी झाली असेल तर स्वतःच्या अंदाजाने काही चिकटवू नये. पॅडची एक दुमडलेली कड दिवसभर रुतत राहते, ते कळत नाही आणि जखम होते. अशांनी आधी पाय तपासून घ्यावेत. 10 ग्रॅम भाराला वाकणाऱ्या नायलॉन धाग्याने तळव्यावर स्पर्श करून तो जाणवतो का, हे पाहण्याची साधी, न दुखणारी तपासणी असते. बूट घालण्यापूर्वी रोज आत हात फिरवावा आणि रात्री तळवे पाहावेत. चवड्यावर किंवा पायाच्या वरच्या बाजूला सूज असेल, एका हाडावर बोट ठेवले तरी कळ येत असेल, आणि अलीकडे चालणे किंवा धावणे एकदम वाढवले असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. प्रशियाच्या सैन्यातील डॉक्टर ब्राइटहाउप्ट यांनी 1855 मध्ये कूच करणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या पायांचे वर्णन केले होते. ती सूज हाड मोडल्याची आहे हे दिसले 1897 मध्ये, क्ष-किरणांचा शोध लागल्यावर दोन वर्षांनी. आजही सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत ही चीर क्ष-किरण चित्रात दिसेलच असे नाही. म्हणून ‘एक्स-रे साफ आहे’ म्हटले तरी दुखणे कायम असेल तर पुन्हा दाखवावे. दोन्ही चवडे दुखत असतील, सकाळी सांधे बराच वेळ आखडत असतील, तर संधिवाताची तपासणी हवी. अंगठ्याचे मूळ एका रात्रीत लाल आणि गरम झाले, तर तो इनसोलचा विषय नाही.

ज्यांना दिवसभर उभे राहून काम करावे लागते, त्यांच्या वतीनेही दोन शब्द. परिचारिका, सुरक्षारक्षक, दुकानांतले विक्रेते, उपाहारगृहांत वाढणारे, कारखान्यांतले कामगार. यांच्यापैकी अनेकांना ठरावीक गणवेशाचे बूट घालावे लागतात, आणि ते दिसायला नीटस असले तरी पुढे निमुळते आणि उथळ असतात. त्यांत कुठलाही इनसोल मावत नाही. गणवेश ठरवणाऱ्यांनी रंग हवा तो ठरवावा; पण रुंद पुढ्याचे, लेसचे, आतला तळ काढता येईल असे बूट घालायची मुभा द्यावी. ज्याचे पाय दुखतात त्याला वैद्यकीय चिठ्ठी आणायला लावू नये.

इनसोल बनवणाऱ्यांकडे मागणी अगदी साधी आहे. पाकिटावर तळव्याची आकृती छापा, हाडांची टोके कुठे असतात ते तिच्यात दाखवा, आणि ही गादी टोकांखाली लावायची की टोकांमागे, ते ग्राहकाला समजेल अशा भाषेत लिहा. संवेदना कमी असलेल्यांसाठीचा इशारा मागच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत नको, पुढच्या बाजूला हवा.

आपल्याला विनंती, की पुरवणीत एखाद्या अस्थिरोगतज्ज्ञाकडून किंवा फिजिओथेरपिस्टकडून चवड्याच्या दुखण्यावर सविस्तर लेख लिहून घ्यावा. त्यासोबत तळव्याची आकृती पूर्ण आकारात छापली, तर वाचकाला ती कापून बुटात ठेवून पाहता येईल.

आपली,
एक विज्ञान शिक्षिका