साक्षीपुराव्याच्या टिपणाबद्दल आभार

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

निवृत्तीआधी तुम्ही विभागीय चौकशीतल्या (सरकारी कर्मचाऱ्यावरच्या आरोपांच्या खात्यांतर्गत चौकशीतल्या) साक्षीपुराव्यावर लिहून ठेवलेलं टिपण आम्ही सादरकर्ता अधिकारी, म्हणजे चौकशीत सरकारची बाजू मांडणारे, रोज वापरतो. त्याबद्दल हे जाहीर आभार.

‘विभागीय चौकशीला पुरावा कायदा काटेकोरपणे लागू नाही’ हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं आणि त्याच्या आडून वाटेल तो कागद नस्तीत (फाइलीत) शिरतो. तुम्ही मात्र आधी एकच विचारायला लावता: अपचाऱ्याला (ज्याच्यावर आरोप आहे त्या कर्मचाऱ्याला) यावर उलटतपासणी घेता आली का?

सर्वांत उपयोगी पडतो तो प्राथमिक चौकशीतल्या (आरोप ठेवण्याआधीच्या) जबाबांचा भाग. जबाब नुसता जोडून पुरावा होत नाही. त्याची प्रत सरकारी साक्षी सुरू होण्याच्या किमान 3 दिवस आधी अपचाऱ्याला मिळायला हवी. मग साक्षीदाराला समोर बसवून जबाब वाचून दाखवायचा, त्यानं तो कबूल केला की निशाणी क्रमांक (पुराव्यातल्या कागदाचा क्रमांक) टाकायचा आणि उलटतपासणी द्यायची. साक्षीदार फिरकलाच नाही, तर त्या जबाबावर निष्कर्ष उभा करायचा नाही. पोलिसांपुढचा कबुलीजबाब आणि एफआयआर यांचंही तेच. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका बँक कर्मचाऱ्याची शिक्षा टिकू दिली नाही, कारण कागद हजर झाले होते, पण ते शाबीत करणारा साक्षीदारच नव्हता.

ऐकीव पुरावा सरसकट फेकू नका, हेही तुमचंच. हरियाणातल्या बस वाहकाच्या 1977 च्या निकालात प्रवाशांना साक्षीला न बोलावताही, त्यांनी तपासनिसाला जे सांगितलं त्यावर चौकशी टिकली. मुद्द्याशी संबंध आणि विश्वासार्हता एवढं पुरे झालं. म्हणून कोणी, कधी, कोणाकडून ऐकलं ते साक्षीतच नोंदवून घ्यायचं. दाखल करणं वेगळं, वजन देणं वेगळं. वजनाची चर्चा अहवालात.

ऐन वेळच्या साक्षीदाराबाबत महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियमांमधला नियम 8 कडक आहे. मूळ पुराव्यातच अंगभूत उणीव असेल तर नवा पुरावा घेता येतो, पण फटी बुजवण्यासाठी नाही. अपचाऱ्यानं मागितल्यास पूर्ण 3 दिवसांची तहकुबी द्यावी लागते; तहकुबीचा आणि पुढच्या तारखेचा दिवस त्यात धरायचा नाही. सोमवारी तहकूब केलं तर गुरुवार नव्हे, शुक्रवार. (इथे घाई हमखास होते.)

बचावाचा साक्षीदार नाकारताना ‘असंबद्ध’ एवढाच शेरा न मारता, त्याची साक्ष कोणत्या दोषारोपाला लागू नाही आणि का, ते रोजनाम्यात (चौकशीच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत) लिहायची सवय तुमच्यामुळे लागली.

टिपणाच्या प्रती नव्या सादरकर्त्यांनाही देत आहोत. काही दुरुस्ती असल्यास जरूर कळवा.

आपले,
काही सादरकर्ता अधिकारी