पेठांमधले बालपण आणि कामकऱ्यांची घरे

प्रति,
मा. संपादक,

विषय : सोलापुरातील बालपणाच्या आठवणींविषयी

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत सोलापुरातील बालपणाच्या आठवणी काही महिन्यांपासून प्रसिद्ध होत आहेत. त्या मी आवर्जून वाचतो आणि बहुतेक कात्रणे जपूनही ठेवली आहेत. कंबर तलावाचा काठ, होम मैदानावरचा सिद्धेश्वर यात्रेचा गड्डा, संक्रांतीचे पतंग, मिलच्या भोंग्यावर लावलेली घड्याळे हे सारे वाचताना मन भरून येते. मात्र या आठवणींत एक मोठी उणीव आहे आणि ती मला मोकळेपणाने मांडावीशी वाटते. लिहिणारे बहुतेकजण शिकून नोकरीसाठी पुण्या-मुंबईला गेलेले आहेत; त्यांच्या लिखाणातले मूल शाळेत जाते, खेळते, मार खाते, जत्रेला जाते, पण काम करताना जवळपास दिसतच नाही. शहराच्या आमच्या पूर्व भागातल्या असंख्य घरांत तर बालपणाचा निम्मा दिवस कामातच जात असे.

मी साखर पेठेत वाढलो आणि पुढे याच भागातल्या शाळेत शिक्षक म्हणून निवृत्त झालो. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांनी इथे घराघरांत माग बसवले होते. खड्ड्याच्या मागावर वडील बसत आणि त्यांच्या धोट्यासाठी, म्हणजे आडवे सूत इकडून तिकडे नेणाऱ्या साधनासाठी, लागणाऱ्या सुताच्या कांड्या राटावर (चरख्यावर) भरून देण्याचे काम आई, आजी आणि मुले करीत. कांडी सैल भरली तर सूत मध्येच अडकते आणि फार फुगवली तर ती धोट्यात मावत नाही, त्यामुळे आठ-नऊ वर्षांच्या मुलालाही बोटांच्या चिमटीतला ताण नेमका सांभाळावा लागे. विडीच्या घरांत रात्री भिजत घातलेली पाने सकाळी पत्र्याच्या मापावर कात्रीने कापायची, त्यात तंबाखू भरून वळायचे, दोऱ्याने बांधायचे आणि तोंडे मुडपायची असा क्रम असे. वळण्याचे कसब मोठ्या बायकांचे. दोरा बांधणे आणि तोंडे मुडपणे हे मुलींकडे येई. माझ्या वर्गातल्या कित्येक मुलींच्या बोटांना तंबाखूचा वास असे, आणि वर्गात झोप येते म्हणून त्यांना रागावणाऱ्या आम्हा शिक्षकांपैकी फार थोड्यांना त्या पहाटे कितीला उठतात हे ठाऊक होते.

ही केवळ गरिबीची कहाणी समजू नये. विड्या वळायच्या सुपाभोवतीच आज्या तेलुगूत गोष्टी सांगत, रेडिओ लागलेला असे, कोणाची विड्यांची जुडी आधी पुरी होते याची पैज लागे, आणि हिशेब इतका पक्का होई की गणिताच्या तासाला याच मुली सर्वांत पुढे असत. सुख आणि श्रम त्या वयात वेगळे काढताच येत नव्हते. आठवणी लिहिताना आपण मात्र ते वेगळे काढतो, आणि त्यातले सुख तेवढे छापले जाते.

या कामाची नोंद सरकारी कागदातही फारशी सापडणार नाही, म्हणून आठवणींचे मोल अधिक आहे. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने कारखान्याच्या जागेत १४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास मनाई केली. १९८६ च्या बालकामगार कायद्याने विडी वळणे हे मुलांसाठी निषिद्ध कामांच्या यादीत घातले. परंतु त्याच १९८६ च्या कायद्यात, मालक स्वतःच्या कुटुंबाच्या मदतीने जिथे काम करतो त्या जागेला सूट होती. सोलापुरात विडी प्रामुख्याने घरातच वळली जाते. साहजिकच आईच्या मांडीशी बसून तोंडे मुडपणारी मुलगी कोणाच्याच हजेरीपटावर आली नाही. तिची हकीकत सांगू शकेल अशी एकच व्यक्ती आहे, ती स्वतः. आणि माझ्या ओळखीच्या अशा अनेकजणी आज सत्तरीच्या पुढे आहेत.

शहराचा सार्वजनिक इतिहास आपण नीट जपला आहे. ब्रिटिशांनी शहरावर लादलेल्या १९३० च्या मार्शल लॉविषयी आणि १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेल्या मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा आणि कुर्बान हुसेन या चार हुतात्म्यांविषयी इथल्या प्रत्येक मुलाला सांगितले जाते, आणि ते योग्यच आहे. घरातल्या इतिहासाला तेवढी जागा मिळाली नाही. त्यात भाषेचीही अडचण आहे. आमच्या गल्लीत गोट्यांचे हिशेब तेलुगूत होत, भांडणे मराठीत होत, शेजारच्या लिंगायत घरात कन्नड चाले आणि पलीकडच्या मोहल्ल्यातली मुले उर्दूत शिकत. महापालिकेच्या शाळा या चारही माध्यमांत चालत आल्या आहेत. मराठी वृत्तपत्राला स्वतःहून पत्र लिहिणारा मात्र बहुधा मराठी माध्यमातलाच असतो. सिद्धेश्वर यात्रेत भोगीच्या दिवशी अडुसष्ट लिंगांच्या प्रदक्षिणेला निघालेल्या सात नंदीध्वजांच्या उंच काठ्यांमागे ही सगळीच मुले धावत असत, पण त्या धावण्याच्या आठवणी आपल्यापर्यंत एकाच भाषेतून येतात.

म्हणून माझी आपणांस विनंती आहे की, आठवणी लिहूनच पाठवाव्यात ही अट काढून टाकावी. शहरातल्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना पूर्व भागात, विडी कामगारांच्या कुंभारीच्या घरकुल वसाहतीत आणि जुन्या मिल चाळींत पाठवून वयस्कर स्त्री-पुरुषांचे बोलणे त्यांच्याच भाषेत ध्वनिमुद्रित करून घ्यावे आणि मग त्याचा मराठी अनुवाद छापावा. प्रत्येक आठवणीसोबत गल्ली, अंदाजे साल आणि घरात कोणते काम चाले एवढ्या तीन गोष्टी द्याव्यात. पुढे अभ्यास करणाऱ्याला त्यांचाच आधार होईल. ज्यांना संकोच वाटतो त्यांची नावे खुशाल गाळावीत. आपली मुले आता अभियंता आणि परिचारिका झाली आहेत, जुने कशाला उगाळायचे, असे सांगणाऱ्या आया मला भेटल्या आहेत आणि त्यांचे म्हणणे मानलेच पाहिजे. मूळ ध्वनिमुद्रणे मात्र शहरातल्या एखाद्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे सुपूर्द व्हावीत.

पूर्व भागातली घरे विद्यार्थ्यांना दाखवण्याचे आणि तेलुगू बोलणाऱ्यांशी गाठ घालून देण्याचे काम मी आनंदाने करीन. हे काम येत्या उन्हाळी सुटीतच सुरू व्हावे, कारण सांगणाऱ्यांचे वय पाहता ते पुढे ढकलण्यासारखे नाही.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक,
साखर पेठ, सोलापूर